शितावरून देशाची परीक्षा

दिवाळी अंकांसाठी आलेले प्रवासलेख तपासण्याचे काम मी गेली बरीच वर्षे करते आहे. जुलै संपता संपता लेख येऊ लागतात आणि त्यांत एक वाक्य थोड्याफार फरकाने हमखास सापडते: जपानी माणूस मुळातच शिस्तीचा, इटालियन मुळातच गोंधळी, अमेरिकन मुळातच उथळ, आणि शेवटच्या परिच्छेदात, मुंबईच्या विमानतळावर उतरल्यावर, आपण मुळातच बेशिस्त. ‘मुळातच’ या शब्दापाशी माझी पेन्सिल थांबते, कारण तीन आठवड्यांच्या मुक्कामात एखाद्या देशाचे मूळ कोणाच्या हाती लागले असेल, असे मला वाटत नाही. तरीही परक्या देशाविषयी कडू बोलूच नये असे मानणाऱ्यांपैकी मी नाही. ज्या लेखात खटकलेली एकही गोष्ट नाही, तो लेख पर्यटन कंपनीचे माहितीपत्रक होऊन बसतो. टीका जरूर करावी. ती न्याय्य ठरावी यासाठी लिहिताना काय काय करावे लागते, ते माझ्या कामातल्या अनुभवावरून येथे मांडते आहे.

सुरुवात आपल्याच एका म्हणीपासून करावी. शितावरून भाताची परीक्षा स्वयंपाकघरात अचूक ठरते, कारण पातेल्यातला तांदूळ एकाच पोत्यातला असतो आणि तो एकाच पाण्यात, एकाच आचेवर शिजलेला असतो. देशातली माणसे अशी एका पोत्यातून आलेली नसतात, हे आपल्या गल्लीत एक फेरी मारली तरी पटते. पण म्हण पूर्णपणे टाकून देण्याचीही गरज नाही. एखाद्या देशात कायदा, वेळापत्रक, करपद्धती किंवा शाळेचा नियम सर्वांना सारखा लागू असेल, तर ते त्या देशातले एकच पाणी आणि एकच आच समजावी. तेथे एका शितावरूनही बरेच कळते. स्वभावाच्या बाबतीत मात्र शीत उपयोगी पडत नाही. म्हणून अनुभव कागदावर उतरवण्याआधी स्वतःला विचारावे, की मला जे दिसले ते त्या माणसाच्या प्रकृतीतून आले, की त्याला लागू असलेल्या एखाद्या नियमातून.

एका निवृत्त गृहस्थांचा लेख यासाठी चांगला नमुना आहे. ते दक्षिण जर्मनीत मुलाकडे तीन महिने राहून आले होते. एका रविवारी दुपारी त्यांनी दिवाणखान्याच्या भिंतीत गणपतीच्या तसबिरीसाठी खिळा ठोकायला घेतला आणि चौथ्या ठोक्याला खालच्या मजल्यावरच्या आजीबाई दाराशी हजर झाल्या. त्या काय म्हणाल्या ते यांना कळले नाही. ‘झोन्टाग’ एवढा एकच शब्द दोनदा ऐकू आला. तसबीर सोमवारपर्यंत सोफ्यावर टेकून उभी राहिली. लेखात हा प्रसंग दीड पान रंगवलेला होता आणि त्यातून काढलेला निष्कर्ष असा होता, की जर्मन लोक माणूसघाणे आणि नियमांचे गुलाम असतात.

मी समासात चार प्रश्न लिहून लेख परत पाठवला. आजीबाई रागावल्या होत्या की समजावत होत्या. त्या दिवशी इमारतीत दुसरे कोणी आवाज करत होते का. असा नियम कोठे लेखी आहे का. आणि असल्यास तो कशासाठी आहे. त्यांनी मुलाला विचारून, थोडे वाचून लेख पुन्हा लिहिला, तेव्हा त्या दीड पानाची चार पाने झाली आणि ती वाचनीय झाली. झोन्टाग म्हणजे रविवार. भाडेकराराला जोडलेल्या इमारतीच्या नियमावलीत रविवारी ठोकाठोक करू नये असे स्पष्ट लिहिलेले होते आणि मुलाने त्यावर सही केलेली होती. या नियमाच्या पाठीमागे थेट राज्यघटना आहे: रविवार आणि मान्य सुट्ट्या हे विश्रांतीचे दिवस म्हणून सुरक्षित राहतील, हे कलम १९१९ च्या वायमार घटनेत होते आणि १९४९ च्या घटनेने ते जसेच्या तसे उचलले. दुकाने बंद ठेवण्याचा देशव्यापी कायदा १९५६ मधला. २००६ पासून दुकानांच्या वेळा ठरवण्याचा अधिकार राज्यांकडे गेला. त्याचा फायदा घेऊन बर्लिनने नाताळापूर्वीचे चारही रविवार दुकानांना मोकळे केले, तेव्हा चर्च न्यायालयात गेले आणि २००९ मध्ये घटना न्यायालयाने बर्लिनची ती मोकळीक घटनाबाह्य ठरवली. रविवारच्या सुट्टीसाठी तेथे चर्च आणि कामगार संघटना एका बाजूला उभ्या राहतात, ही जोडी आपल्याकडे सहज सुचणार नाही.

गंमत अशी, की एवढे समजून घेतल्यावर लेखातली टीका अधिक धारदार झाली. मुलगा आणि सून दोघेही नोकरी करतात, त्यामुळे शनिवार सगळा खरेदीत जातो. रुग्णालयात पाळ्यांमध्ये काम करणाऱ्या सुनेला तर कित्येकदा तोही मिळत नाही. धर्म न मानणाऱ्या किंवा दुसरा धर्म मानणाऱ्या माणसालाही चर्चचाच आठवडा पाळावा लागतो. हे सर्व त्यांनी लिहिले, आणि त्याच मजल्यावर राहणाऱ्या, दुकानात गल्ल्यावर बसणाऱ्या बाईंना रविवार किती मोलाचा वाटतो तेही लिहिले. ‘माणूसघाणे’ या शब्दावर जर्मन माणसाला काही उत्तर देता आले नसते, आणि मराठी वाचकालाही त्यातून काही मिळाले नसते. कायद्यावरच्या आक्षेपाला उत्तर देता येते, त्यावर वाद घालता येतो आणि त्यात कोणाची बाजू बरोबर हे वाचक ठरवू शकतो. टीका न्याय्य आहे की नाही हे ओळखण्याची माझी पहिली खूण हीच आहे: जिच्यावर टीका केली त्या बाजूला उत्तर देण्यासारखे काही त्यात आहे का.

आता थोडे भाषेकडे, कारण ठोकळेबाज विधाने मराठीत काही ठरावीक वाटांनीच आत शिरतात. ‘हे लोक’ हा एक शब्दप्रयोग. ‘रक्तातच असते’ हा दुसरा. ‘जपानी माणूस’ असे एकवचन वापरले की बारा कोटींहून अधिक माणसांचा एकच पुतळा तयार होतो. पण सर्वांत फसवे आहे ते क्रियापद. ‘ओसाकात मी ज्या हॉटेलात उतरलो तेथील कर्मचारी बोलत नव्हते’ हे निरीक्षण आहे. ‘जपानी लोक बोलत नाहीत’ हा निवाडा आहे, आणि पहिल्यापासून दुसऱ्यापर्यंत जायला लेखकाला काळ बदलण्यापलीकडे काहीच करावे लागत नाही. म्हणून लेख पूर्ण झाल्यावर त्यातली ‘असतात’, ‘करतात’, ‘मानतात’ ही क्रियापदे शोधून काढावीत आणि प्रत्येकाच्या जागी भूतकाळ, गाव आणि महिना घालून पाहावे. जे वाक्य तरीही उभे राहते ते ठेवावे.

काळ बदलून पाहण्याचा आणखी एक उपयोग आहे. एखाद्या राष्ट्राच्या स्वभावाबद्दल विधान करण्यापूर्वी, शंभर वर्षांपूर्वी त्याच राष्ट्राबद्दल लोक काय म्हणत होते ते पाहावे. जपानच्या वक्तशीरपणाइतके चांगले उदाहरण मला दुसरे ठाऊक नाही. १८५७ ते १८५९ या काळात नागासाकीत जपानी नाविकांना शिकवण्यासाठी आलेला डच अधिकारी कॅटेन्डाइके हा जपानी कारागिरांच्या दिरंगाईने हैराण झाला होता. भरतीच्या वेळी हवे असलेले सामान येत नसे, आणि एकदा येऊन गेलेला माणूस पुन्हा फिरकत नसे. सिडनी गुलिक या अमेरिकन मिशनऱ्यानेही १९०३ मध्ये लिहिले, की अनेक जपानी माणसे आळशी आणि वेळेविषयी बेफिकीर असल्याची छाप पाडतात. हे दोघेही तेथे प्रत्यक्ष राहिलेले होते आणि त्यांना दिसले ते खोटे होते असे मानायचे कारण नाही. चूक झाली ती त्याला स्वभाव म्हणण्यात.

कारण त्या वेळी जपानमध्ये तासच वेगळा होता. सूर्योदय ते सूर्यास्त या काळाचे सहा भाग आणि रात्रीचे सहा भाग अशी मोजणी असल्यामुळे उन्हाळ्यात दिवसाचा प्रहर लांब आणि हिवाळ्यात आखूड होत असे, आणि वेळ कळायची ती देवळाच्या घंटेवरून. पाच मिनिटांचा उशीर मोजायला मिनिटच हाताशी नव्हते. १८७२ मध्ये शिंबाशी ते योकोहामा ही पहिली आगगाडी सुरू झाली. १ जानेवारी १८७३ पासून सरकारने नवे कॅलेंडर आणि समान २४ तासांचा दिवस लागू केला. तरीही लोकांना वेळेचे महत्त्व पटवण्यासाठी १९२० मध्ये १० जून हा ‘वेळेचा दिवस’ म्हणून पाळायला सुरुवात करावी लागली. जी गोष्ट रक्तात असते तिच्यासाठी असा दिवस ठरवावा लागत नाही. (आपल्याकडची घटका मात्र उन्हाळा असो की हिवाळा, २४ मिनिटांचीच होती. एवढे नेमके माप जुन्या काळापासून हाताशी असूनही वक्तशीरपणाबद्दल आपली ख्याती झाली नाही, तेव्हा नुसत्या मापानेही सर्व काही होते असे म्हणता येत नाही.)

जर्मन मालाची कथा यापेक्षा आखूड, पण तिचे वळण तेच आहे. १८८७ मध्ये ब्रिटनने कायदा करून परदेशी मालावर देशाचे नाव घालणे भाग पाडले, ते स्वस्त आणि नकली समजल्या जाणाऱ्या जर्मन वस्तू ग्राहकाला ओळखता याव्यात म्हणून. काही दशकांत तोच शिक्का दर्जाची खूण झाला. ‘चिनी माल’ हा शब्द आपण ज्या सुरात उच्चारतो, तो लिहिताना ही हकीकत आठवावी.

मतचाचण्यांचा अनुभवही वेगळा नाही. १९३३ मध्ये अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठातील १०० विद्यार्थ्यांना विशेषणांची एक यादी देऊन दहा समाजांचे वर्णन करायला सांगितले होते. तेव्हा जपानी लोकांच्या वाट्याला बुद्धिमान, कष्टाळू अशी विशेषणे आली. १९५१ मध्ये त्याच विद्यापीठात हीच पाहणी पुन्हा झाली, तेव्हा त्यांची जागा नकलाखोर आणि लबाड यांनी घेतली होती. मधल्या काळात जपानी माणसाचा पिंड बदलला नव्हता, महायुद्ध होऊन गेले होते. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात ४९ संस्कृतींमधील माणसांना आपल्याच देशबांधवांचा नमुनेदार स्वभाव कसा असतो ते विचारले गेले, आणि प्रत्यक्ष माणसांच्या मोजलेल्या स्वभावाशी त्या समजुतींचा मेळ बसला नाही. म्हणजे ‘आम्ही भारतीय असेच’ हे वाक्यसुद्धा पुराव्यावाचून सोडू नये. परक्याची स्तुती करून घरच्यांना चाबूक मारणे हा प्रवासलेखातला सर्वांत लाडका प्रकार आहे, आणि त्यात दोन्ही देशांवर एकाच वेळी अन्याय होतो.

स्वभाव वगळल्यावर टीकेसाठी काय उरते, असे विचारणाऱ्यांसाठी जपानमधलेच एक प्रकरण सांगते. इवाओ हाकामादा या माजी मुष्टियोद्ध्याला १९६६ मध्ये चार जणांच्या खुनासाठी अटक झाली, १९६८ मध्ये फाशीची शिक्षा सुनावली गेली, आणि २०१४ मध्ये फेरसुनावणीचा आदेश होऊन सुटका होईपर्यंत त्यांनी सुमारे ४८ वर्षे कोठडीत काढली. सप्टेंबर २०२४ मध्ये ते निर्दोष ठरले. यावर कठोर लिहावे, आणि लिहिताना तीन पथ्ये पाळावीत. पहिले म्हणजे त्या देशातल्या टीकाकारांना आधी शोधावे. हाकामादांची बहीण हिदेको, जपानी वकिलांची राष्ट्रीय संघटना, आणि ज्यांनी फाशीच्या निकालपत्रावर सही केली पण २००७ मध्ये आपल्याला ते निर्दोषच वाटत होते असे जाहीरपणे सांगितले ते न्यायाधीश, ही सर्व माणसे जपानी आहेत. त्यांच्या पाठीशी उभे राहून बोलणे आणि ‘जपानी लोक निर्दय’ असे म्हणणे या दोहोंत जमीन-अस्मानाचा फरक आहे, कारण दुसऱ्या वाक्यात हिदेकोही निर्दय ठरतात.

दुसरे पथ्य आकड्यांचे. जपानी न्यायालयांत दोषी ठरण्याचे प्रमाण ९९ टक्क्यांहून अधिक आहे, हा आकडा वाचला की तेथे न्यायच नाही असे वाटते. पण सरकारी वकील पक्की वाटणारी प्रकरणेच न्यायालयात नेतात आणि बाकीची आधीच सोडून देतात, म्हणून हा आकडा चाळणीतून गाळून आलेल्या दाण्यांचा आहे. त्याऐवजी आरोपपत्राआधी २३ दिवसांपर्यंत कोठडीत ठेवता येते, नव्या आरोपाखाली पुन्हा अटक करून ही मुदत लांबवता येते, आणि चौकशीच्या वेळी वकील जवळ नसतो, हे लिहावे; आक्षेप नेमका तेथे आहे.

तिसरे पथ्य मोजपट्टीचे. आपले ठेवायचे झाकून आणि दुसऱ्याचे पाहायचे वाकून, ही सवय टीकेला आतून पोखरते. भारतातल्या तुरुंगांत दर चार कैद्यांपैकी सुमारे तीन कच्चे कैदी आहेत, म्हणजे त्यांचा गुन्हा अजून सिद्ध झालेला नाही. जपानच्या २३ दिवसांवर लिहिताना ही ओळ लेखात असली पाहिजे. मात्र तिच्यामुळे जपानवरचा आक्षेप रद्द होतो, असे समजू नये. ‘घरोघरी मातीच्या चुली’ म्हणून विषय मिटवणे हा झाकून ठेवण्याचाच दुसरा मार्ग आहे, आणि यात चुलीत कोण भाजला याची विचारपूस कोणीच करत नाही.

सरकार आणि प्रजा यांच्यात फरक करावा, हे वेगळे सांगायला नको. मत देण्याची सोयच नसलेल्या देशात तर तो अधिकच काटेकोरपणे करावा.

आता सर्वांत नाजूक प्रश्न: तुम्हाला अधिकार काय? याचे उत्तर आपल्या इतिहासात दोन बायकांनी दोन प्रकारे दिले आहे. कॅथरीन मेयो ही अमेरिकन लेखिका काही महिने भारतात हिंडली आणि १९२७ मध्ये तिचे ‘मदर इंडिया’ प्रसिद्ध झाले. बालविवाह, बाळंतपणातले हाल, अस्वच्छता हे त्यातले विषय खरे होते. गांधीजींनी ‘यंग इंडिया’त त्याला गटार-तपासनिसाचा अहवाल म्हटले, हे वाक्य सर्वांना पाठ असते, पण त्याच लेखात, प्रत्येक भारतीयाने हे पुस्तक वाचावे आणि आरोपांच्या मुळाशी असलेले तथ्य नाकारू नये, असेही त्यांनी लिहिले होते, ते फारसे कोणी सांगत नाही. तपशील खरे असूनही पुस्तक खोटे असू शकते, हे त्यांचे म्हणणे या विषयावर लिहिणाऱ्या प्रत्येकाने टेबलावर चिकटवून ठेवावे असे आहे. खोटेपणा निवडीत होता. धोंडो केशव कर्व्यांचे महिला विद्यापीठ १९१६ पासून चालू होते, बालविवाहाविरुद्धचे हरविलास सारडांचे विधेयक १९२७ मध्येच कायदेमंडळात आले होते आणि १९२९ मध्ये त्याचा कायदा झाला. मेयोच्या चित्रात या धडपडीला जागा नव्हती, कारण हे लोक स्वराज्याला लायक नाहीत हा निष्कर्ष आधीच ठरलेला होता. दोनच वर्षांपूर्वी तिने फिलिपिन्सविषयी असेच पुस्तक लिहून तेथली अमेरिकन सत्ता योग्य ठरवली होती.

पंडिता रमाबाई १८८६ मध्ये अमेरिकेत गेल्या आणि जवळजवळ तीन वर्षे तेथे राहिल्या. हिंदू विधवांच्या स्थितीवर त्यांनी तेथे इंग्रजीत लिहिले, ते मेयोइतकेच झोंबणारे होते. पण त्या वाचकांकडून त्यांना शाळेसाठी मदत हवी होती, आणि मार्च १८८९ मध्ये मुंबईत शारदासदन उघडले. त्याच वर्षी अमेरिकेविषयीचे त्यांचे मराठी पुस्तक आले. तेथील शाळा, स्त्रियांच्या संस्था, लोकशाही यांची त्यांनी भरभरून स्तुती केली आणि मूळ रहिवाशांवर व काळ्या लोकांवर झालेला अन्यायही त्याच पुस्तकात सांगितला. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली तीही अमेरिकेतील सदाचारी लोकांना, गुलामांच्या मुक्ततेसाठी त्यांनी दाखवलेल्या स्वार्थत्यागाबद्दल. स्तुती कोणाची आणि कशाबद्दल, हे अर्पणपत्रिकेतच नेमके आहे.

तेव्हा लेख पाठवण्यापूर्वी एका कागदावर लिहून पाहावे, की माझे म्हणणे खरे मानले तर कोणाचे काय बदलावे अशी माझी इच्छा आहे. विधवांसाठी शाळा, कोठडीचे दिवस कमी, रविवारी निदान किराणा दुकान उघडे, असे काही हाती आले तर लेख पाठवावा. ‘काही नाही, तो देश कसा आहे ते कळावे’ असे उत्तर आले तर थोडे थांबावे. शक्य असेल तर त्या देशात दहा-पंधरा वर्षे राहिलेल्या मराठी माणसाला लेख वाचायला द्यावा. तीन आठवडे राहिलेल्या मित्राला देऊ नये, तो माना डोलावतो.

त्या निवृत्त गृहस्थांचा लेख शेवटी छापला गेला. त्यात एक सरसकट विधान मात्र त्यांनी हट्टाने राहू दिले होते: जर्मन पाव दातांना फार कठीण असतो. मी ‘असतो’वर खूण करून पाठवल्यावर त्यांनी समासात लिहून कळवले, की तीन महिने, सात बेकऱ्या, आणि वरचा डावा दात. मी खूण खोडून टाकली.